पहिलं वाक्य, शेवटचं वाक्य

…आणि वर मलाच विचारतात, “काय त्साओ, पाच वर्षं इंग्रजी शिकलास, काय मिळालं?” आता काय सांगू यांना? म्हणजे पन्नाशीला आलेल्या माणसानं हौसेनं शिकलं असतं तर विचारा ना, खुशाल विचारा, पण मी काय हौसेनं शिकलो? बसा, तुम्हाला सांगतो, बसा हो, थर्मासमध्ये गरम पाणी आहे, चहाची पानं तुमची तुम्ही टाका, हे थोडक्यात होणारं नाही.

तीस वर्षं मी लोयांगच्या बेअरिंगच्या कारखान्यात. फिरत्या बेअरिंगला लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मुठीला कान लावायचा आणि सांगायचं, आतली गोळी चिरलीय, काढा बाहेर. काढलं की चिरलेलीच निघायची! पार शांघायहून माणसं यायची माझा कान बघायला. पण वरिष्ठ इंजिनिअर व्हायचंय? मग इंग्रजीची परीक्षा. का? तर नियम. मी साहेबांना म्हटलं, “साहेब, बेअरिंग कुठं इंग्रजी बोलतं?” ते म्हणाले, “बेअरिंग बोलत नाही, पण फॉर्मवर रकाना आहे.” रकाना! मग बसलो शिकायला. तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं?

पहिल्या वर्षी नापास. दुसऱ्या वर्षी नापास. तिसऱ्या वर्षी तर परीक्षेत शब्दकोश न्यायला परवानगी होती हे मला कळलं, म्हणजे आधीपासून होतीच, मला कुणी सांगितलंच नव्हतं, मग नेला मी शब्दकोश, विटेएवढा जाड, आणि बसलो एकेक शब्द शोधत, पहिला उतारा मधमाश्यांवर होता, अजून आठवतंय, मधमाशी पोळ्यातून बाहेर पडली आणि घंटा झाली. सहा उतारे होते. पाचांचं मी तोंडसुद्धा बघितलं नाही! आमच्या विभागाचा लाओ पेई, माझ्याहून चार वर्षांनी लहान, तोवर पास होऊन वरिष्ठ झालेला, जेवणाच्या रांगेत सगळ्यांसमोर विचारतो, “काय त्साओ, माशी परत आली का पोळ्यात?” हसले सगळे. मीही हसलो, करता काय?

मग चौथ्या वर्षी लावली शिकवणी. निंग बाई म्हणून होत्या, बाई कसल्या, सव्वीस वर्षांची पोरगी, माझ्या यीझोऊहून दोन वर्षांनी मोठी. वर्गात आम्ही चाळीस म्हातारे, कोणी भूलतज्ज्ञ, कोणी धरणावरचा इंजिनिअर, एक तर डुकरांचा डॉक्टर. बाईंनी पहिल्याच दिवशी फळ्यावर खडू आपटला आणि म्हणाल्या, “काका लोक, तुम्हाला इंग्रजी शिकायचंय की पास व्हायचंय?” चाळीस माणसं एका आवाजात, “पास!” “मग उतारा वाचायचा नाही.” म्हटलं, हे काय? “उतारा वाचणारा नापास होतो. परिच्छेदाचं पहिलं वाक्य वाचा, शेवटचं वाक्य वाचा. मधलं महत्त्वाचं नसतं. तीन उत्तरं लांब आणि एक आखूड असेल तर आखूड निवडा. तीन आखूड, एक लांब, तर लांब. काहीच सुचलं नाही तर तिसरं.”

तुम्हाला सांगतो, मला रडू यायचं बाकी होतं. तीन वर्षं मी मधलं वाचत मेलो होतो हो! त्यानंतर मी मागे वळून बघितलंच नाही, चौथ्या वर्षी दोन मार्कांनी गेलो, पाचव्या वर्षी पास! पहिलं वाक्य, शेवटचं वाक्य, खटाक्. प्रमाणपत्र मी काचेच्या चौकटीत लावलं, आमच्या लग्नाच्या फोटोच्या वर. ह्वेईलान, म्हणजे आमची मंडळी, म्हणाली, “फोटोच काढून टाका ना मग.” बायकांना काय कळतं?

आणि मग काय, सगळ्या वसाहतीचा मी दुभाष्या! कुणाच्या औषधाची चिठ्ठी आण, कुणाच्या वॉशिंग मशीनचं पुस्तक आण. मी पहिलं वाक्य बघायचो, शेवटचं बघायचो आणि सांगायचो. लोक समाधानानं जायचे. एका बाईची मशीन बिघडली, पण ती जुनीच होती.

तर यीझोऊ. एकुलता एक. कॅनडाला शिकायला गेलेला, तिसरं वर्ष चालू होतं. तो जावा म्हणून आम्ही नव्या घराचा विचार सोडला, ते जाऊ द्या, ते काय सांगायचं. दर रविवारी सकाळी त्याचा फोन. “बाबा, कसे आहात?” “मजेत. अभ्यास?” “चाललाय. आत्ताच लायब्ररीतून आलो.” “जेवलास?” “जेवलो.” “ठेव मग, बिल वाढतंय.” तीन वर्षं हेच. आता यात मधे विचारण्यासारखं काय होतं?

जूनमध्ये पत्र आलं. त्याच्याच नावाचं, घरच्या पत्त्यावर, विद्यापीठाच्या शिक्क्याचं, जाड कागद. उघडलं मी. बापानं नाही उघडायचं तर कुणी? एकच परिच्छेद, एकवीस ओळींचा. मी काय करणार? जे शिकलो तेच केलं! पहिलं वाक्य, तुम्ही आमचं विद्यापीठ निवडलंत याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत. शेवटचं वाक्य, तुमच्या पुढील वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा. झालं! जून महिना, तिसरं वर्ष, आभार, शुभेच्छा… पोरगं पदवीधर झालं की नाही? तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं?

रविवारी फोन आला. मी त्याला ‘कसे आहात’ म्हणूसुद्धा दिलं नाही. म्हटलं, “पत्र आलं हो विद्यापीठाचं! कळलं आम्हाला सगळं!” म्हटलं, “यीझोऊ, आम्हाला तुझा अभिमान वाटतो.” पलीकडे चिडीचूप. लाजतोय, मी ह्वेईलानला खूण केली, लाजतोय. मग बारीक आवाजात म्हणाला, “बाबा, पत्र… वाचलंत तुम्ही?” “वाचलं म्हणजे? बापाला काय समजतोस?” मी म्हटलं, “आपण जेवण घालतोय, सगळ्या वसाहतीला, बारा टेबलं.” तर म्हणाला, “नको बाबा.” म्हटलं, “नको कसं?” “बाबा, खरंच नको.” “अरे, तू नाही आलास तरी चालेल.” “बाबा, मी हात जोडतो, जेवण नको.”

तीनदा नको म्हणाला. आता आपल्याकडे चांगल्या घरातलं पोर तीनदा नको म्हणतंच की! कोणी सफरचंद दिलं तरी तीनदा नको म्हणायचं हे मीच शिकवलेलं त्याला, चार वर्षांचा असताना, हातावर चापट मारून. उलट एकदाच नको म्हणाला असता तर मला संशय आला असता. मी फोन ठेवला आणि ह्वेईलानला म्हटलं, “बघ, परदेशात राहूनसुद्धा वळण सोडलं नाही.”

घातलं जेवण. बारा टेबलं, आपलं लोयांगचं पाण्याचं जेवण, चोवीस पदार्थ, एकामागून एक, वाडग्यातून, रस्सेदार, एक उचलला की दुसरा. मुळ्याचा कीस पहिला आला, पक्ष्याच्या घरट्याच्या महागड्या सूपसारखा दिसणारा, लोक म्हणाले वा, घरटं! मुळाच असतो तो, सगळ्यांना माहीत असतं, तरी वा म्हणतात. निंग बाईंना मी मानाच्या खुर्चीवर बसवलं. गुरुजनांचं जेवणच म्हणायचं ते, त्यांच्यामुळे तर मला पत्र वाचता आलं! लाओ पेई समोर बसलेला, तोंड कडू. आठवा की नववा पदार्थ आला, थोडी दारू पोटात गेलेली, आणि हाच लाओ पेई म्हणतो, “अरे त्साओ, पत्र तरी ऐकव. इंग्रजीतून. आणि तू नको, बाई वाचतील, आम्हाला उच्चार तरी ऐकू देत.”

मी आतल्या खिशातून काढलं, दोन्ही हातांनी बाईंना दिलं. बाई हसत उभ्या राहिल्या.

आता ऐका. सहाशे शब्दांचा उतारा ही पोरगी दोन मिनिटांत वाचायची, आम्ही घड्याळ लावून बघितलेलं. त्या एका पानावर तिचे डोळे खाली गेले आणि अडकले. टेबलावरचं मासळीचं सूप गार झालं. लोक चॉपस्टिक्स धरून थांबलेले. तिनं पहिलं वाक्य इंग्रजीत वाचलं, मग चिनीत सांगितलं. थांबली. मग शेवटचं वाक्य वाचलं, तेही चिनीत सांगितलं. आणि पत्राची घडी घालून खाली बसली. टाळ्या! बारा टेबलांच्या टाळ्या! लाओ पेईसुद्धा उठून माझ्या पेल्याला पेला लावून गेला.

मी मात्र बाईंकडे बघत होतो. त्यानंतर चौदा-पंधरा पदार्थ आले, तिनं एकालाही हात लावला नाही. तीस वर्षं मी फिरत्या यंत्राला कान लावलाय हो, आत काहीतरी चिरलं की मला कळतं. शेवटचं अंड्याचं सूप आलं, ते आलं की पाहुण्यांनी उठायचं असतं, उठले सगळे. मी बाईंना जिन्यात गाठलं. म्हटलं, “बाई, मधलं?” ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “त्साओकाका, मधलं महत्त्वाचं नसतं.” आणि भराभर जिना उतरून गेली. पावलं वेडीवाकडी पडत होती तिची.

दुसऱ्या दिवशी दुपारी काढला शब्दकोश. चार दुपारी लागल्या. चार! एकोणीस ओळी, एकेक शब्द. ह्वेईलान चहा ठेवून जायची, मी म्हणायचो, ऑफिसचं काम आहे. ती म्हणायची, “हो का,” आणि गार झालेला पेला उचलून न्यायची. तुम्हाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मी इंग्रजीचं एक पान सबंध वाचलं, आणि ते हे! दोन सत्रं वर्गात हजेरी नाही. तीन वेळा ताकीद. उत्तर नाही. सातव्या ओळीवर, नाव कमी करण्यात आलं आहे. कधीपासून? जानेवारीपासून. मी कॅलेंडरकडे बघितलं, जून संपत आलेला. मग हे पाच महिने, आणि त्याआधीची दोन सत्रं, माझं पोरगं लायब्ररीतून येत होतं ते कुठल्या? कुठं राहत होतं? काय खात होतं? ‘जेवलास?’ मी विचारत होतो ना दर रविवारी. विचारत होतो आणि उत्तर यायच्या आधी फोन ठेवायच्या घाईत होतो. एवढं वाईट मला माझी आई गेली तेव्हासुद्धा वाटलं नव्हतं.

आणि त्यानं नको म्हटलं होतं. तीनदा.

त्या रविवारी फोन यायच्या आधी मी तासभर स्टुलावर बसून होतो. काय बोलायचं? ओरडायचं? तर तो काही परत यायचा नाही, पोरं असल्या वेळी काय काय करून बसतात आपण ऐकतोच की, आमच्याच वसाहतीतला एक… जाऊ द्या. घंटा वाजली. “बाबा, कसे आहात?” मी म्हटलं, “यीझोऊ, एक सांगू? ते पत्र, मला काही ते नीट समजलेलं नाही.” म्हटलं, “अरे, मला कुठं इंग्रजी येतं! ते प्रमाणपत्र आपलं आखूड-लांब बघून मिळवलेलं, निंग बाईंना विचार. लोकांपुढे आव आणला झालं. तू ये. तू ये आणि वाचून दाखव.” बराच वेळ नुसती खरखर. मग म्हणाला, “तुम्हाला खरंच नाही समजलं?” म्हटलं, “देवाशप्पथ नाही.” पाच वर्षं घासून मिळवलेलं, जेवणाच्या रांगेतल्या सगळ्या टोमण्यांवर मात करून मिळवलेलं, ते मी असं एका वाक्यात सोडून दिलं. बिल वाढत होतं. वाढू दे म्हटलं.

ऑक्टोबरात आला. स्टेशनवर मी ओळखलंच नाही, एवढा वाळलेला. हातांवर तेलाचे डाग, म्हणजे भाजल्याचे, मनगटापर्यंत, कुठल्या तरी हॉटेलच्या भटारखान्यात होता वाटतं, मी विचारलं नाही. ह्वेईलाननं नूडल्स केल्या, तो खाली मान घालून तीन वाडगे जेवला. तिसऱ्या दिवशी दुपारी आपण होऊन म्हणाला, “बाबा, आणा ते पत्र.”

मी आणून दिलं. ह्वेईलान स्वयंपाकघरातून हात पुसत आली, बसली. त्यानं कागद टेबलावर पसरला आणि एकेका ओळीखाली बोट फिरवत चिनीत सांगायला लागला. पहिली ओळ, आभार. दुसरी, तिसरी… मी त्याच्या बोटाकडे बघत होतो, त्या एकवीस ओळी मला आता तोंडपाठ आहेत हो! बोट सातव्या ओळीवर आलं, जिथं नाव कमी केल्याचं लिहिलंय, आणि तो म्हणाला, “इथं लिहिलंय, सगळ्या प्राध्यापकांना माझ्याबद्दल आपुलकी होती.” दहाव्या ओळीवर, जानेवारीपासून असं आहे तिथं, म्हणाला, “तब्येत सांभाळून राहा, असं लिहिलंय.” शेवटपर्यंत गेला. शुभेच्छा. घाम पुसला.

मी म्हटलं, “एवढंच?”

“एवढंच, बाबा.”

ह्वेईलान नुसतं त्याच्या हातांकडे बघत होती. तो पत्राची घडी घालायला लागला. माझ्या मनात आलं, घडी झाली की हा उठणार, खोलीत जाणार, दार लावणार. म्हटलं, “थांब. परत एकदा वाच. तुझ्या आईला नीट ऐकू आलं नाही.”

आणि त्यानं वाचलं हो. बोट ठेवून, पहिल्या ओळीपासून. दुसऱ्या वेळी तर पत्र आणखीनच चांगलं होतं.