बॅरिटोनला पडलेले पोचे

— नाही हो मिस्टर प्रूडॉम, खाली पडून असे पोचे येतात होय? चाळीस वर्षं शाळेच्या या खोलीत येऊन बँडच्या पितळी वाद्यांचे पोचे काढताय, तुम्हाला कोण फसवणार! माणसाच्या तोंडावर बसलाय तो बॅरिटोन, एवढा जड पितळी कर्णा. हो, माझ्याच हातून. गावाला ठाऊक आहे, लपवायचं काय — मार्डी ग्राच्या सणाची मिरवणूक, आमच्या शाळेचा बँड वाजवत चाललेला, आणि तो रॉयस फोंटनो, पिऊन तर्र, कडेची दोरी ओलांडून आत शिरला. गंमत करायची होती म्हणे. डेल्फिनच्या क्लॅरिनेटला खालून तळहाताने असा फटका मारला — पंधरा वर्षांची पोर हो, वाद्य तोंडात! समोरचे दोन दात तिथेच तुटले, पांढऱ्या गणवेशावर नुसतं रक्त. मी बँडची बाई, मी काय बघत बसणार? शेजारच्या मुलाच्या हातातला बॅरिटोन ओढला आणि हाणला. एकदा. न्यायाधीशांनीही तेच लिहून घेतलं — एकदा, मुलीला वाचवायला — आणि सोडलं मला.

पोचे तीन आहेत? ... असतील. हे बघा, सोमवारी शाळेचं नवीन वर्ष सुरू होतंय, बेचाळीस पोरं, निम्म्यांना डावा-उजवा पाय कळत नाही, ऑक्टोबरात राज्याची स्पर्धा — आणि तुम्ही मला पोचे मोजायला लावताय! पहिल्या फटक्यातच तो गुडघ्यांवर आला होता. जबडा लोंबत होता. 'चुकलो बाई' असंच काहीतरी म्हणत असावा — शब्द कुठले, रक्ताचे बुडबुडे. पण मागे ढोलवाले थांबले नव्हते ना! मीच शिकवलंय त्यांना, आभाळ कोसळलं तरी ठेका सोडायचा नाही. त्या ठेक्यावर — बरोब्बर समेवर, मिस्टर प्रूडॉम — दुसरा हाणला. मग तिसरा. तिसऱ्याने डोळा गेला त्याचा. आणि खरं सांगू? बरं वाटलं. गोड वाटलं... झालं, बोलून गेले.

आता नवीन वर्षाचं म्हणाल तर — ढोल नुसता मनात वाजला तरी हात शिवशिवतात. सोमवारी शिट्टी फुंकायची तर भीती वाटते मला. कुणाची? माझीच, दुसऱ्या कुणाची! परवा डेल्फिन आली होती, नवे दात बसवून. क्लॅरिनेट धरवत नाही आता, झांजा द्या म्हणाली. दिल्या. जाताना कानात कुजबुजली, 'मिस, मी कोर्टात एकच फटका सांगितलाय हां.' बायबलवर हात ठेवून खोटं बोलली पोर, माझ्यापायी!  तिला ठाऊक आणि मला. त्या गडबडीत बाकी कुणी पाहिलं नाही, तेवढंच एक समाधान —

काय? कुठे होतात तुम्ही? — औषधांच्या दुकानासमोर? अहो, म्हणजे चार पावलांवर! ... बायकोही होती? मग धरलं का नाहीत मला? — हसताय काय? 'मिळायलाच हवं होतं त्याला'? गुडघ्यांवर होता हो तो, हात वर करून! ... आणखी कोण होतं? पाद्रीबाबा? ... शाळेच्या समितीतलेही?

सगळे?

उठा. उठा म्हणते ना! — आणि ऐका, तुमचा नातू यंदा ढोलावर येणार होता ना? माझ्या हाताखाली नका पाठवू त्याला. दार ओढून घ्या जाताना.