कोनाड्यातला कप

सात रस्त्याच्या थांब्यावर बसच्या रांगेत शांतम्मांच्या पुढं दोन शिक्षिका उभ्या होत्या. थोरल्या दाक्षायणीबाई हातातल्या कादंबरीवर कुरकुरत होत्या.

“अमेरिकेतल्या काळ्या-गोऱ्यांची एवढी मोठी गोष्ट, आणि सांगायला आठ वर्षांची पोरगी. तिला काय कळतंय, रुक्साना?”

“कळत नाही म्हणूनच विचारते की, गोऱ्यांचा नळ वेगळा का? मोठ्या बाईनं सांगितली असती, तर कारणं देत बसली असती.”

“तिला कुणी धड उत्तरच देत नाही.”

“तुमच्या लेकीला, गिरिजालाही परवा मी घरी आले तेव्हा कुठं मिळालं, अक्का?”

“ती काय, काहीही विचारते. बस कुठं अडकली बाई.”

“रुक्सानामावशीचा कप वेगळा कोनाड्यात का, एवढंच म्हणाली.”

“पाहुण्यांचा आहे तो. चांगला चिनी मातीचा.”

“हेडबाईही पाहुण्याच, त्यांना तर तुमच्या रोजच्या कपांतलाच दिलात.”

“सासूबाईंची शिस्त होती गं ती.”

बस आली. रांग सरकली, त्या दोघी हलल्या नाहीत, आणि मागं ऐकत उभ्या शांतम्मांनाही घाई उरली नव्हती. दाक्षायणीबाईंनी पुस्तक मिटलं.

“सासूबाई जाऊन चार वर्षं झाली, रुक्साना. तू मुसलमान म्हणून तो कप मीच वेगळा ठेवते.”