टँकर दारात आला आणि आत्या बिघडल्या

"पिशवीच काढून टाकू तिची, म्हंजे रोजची कटकट तरी मिटंल!" ...ऐकलंत? दूध सोसायटीचे चेअरमन, म्हणजे आमचे मामंजी, ओसरीवर धाकट्या भावाला, धर्मराजकाकांना, सांगत होते, आणि आत माझी भाकरी तव्यावर जळून काळी झाली! पिशवी दुधाची नव्हे हो, गर्भाची... माझ्या सासूबाईंची! सोमवारी जीप ठरली, दवाखाना ठरला. ज्यांची पिशवी त्यांनाच तेवढं विचारायचं राहिलं! पण मी काय बोलणार? मी नवी!

तुम्हाला सांगते, आत्यांचं, म्हणजे सासूबाईंचं, वय पाळी जायचं. बसल्या बसल्या अंगातून वाफा निघायच्या, टचकन डोळ्यात पाणी यायचं, नाहीतर माझ्यावर कडाडायच्या, "भाकरीत मीठ कावून न्हाई गं?" आता भाकरीत मीठ आमच्याकडे कुणी घालतं का? पण मी नवी! नर्सबाईंनी तपासून सांगितलं होतं, "पिशवी चांगली हाय. ह्या वयात व्हतं असं. मनातलं बोलत जावा कुणाशी तरी." कुणाशी बोलायचं? मामंजींशी? ते दुधातली फॅट बघून घरी येतात आणि टीव्हीवर बातम्या बघत झोपतात!

बरं, बोलायची सोय होती हो! पाऊस दडी मारून बसलेला, त्यामुळे मारुतीच्या पारापाशी टँकर यायचा. आत्या घागर घेऊन जायच्या त्या परत यायचं नावच नाही. मी बघायला गेले, तर रांगेत छबुबाई सांगत होत्या, "परवा लई रडू आलं बाई, कुणी दिसंना, मग शेळीच्याच गळ्यात पडले!" साखराबाई म्हणाल्या, "मला तर बचत गटाच्या मीटिंगीत घाम फुटला, समद्यांना वाटलं पैसे मीच खाल्ले!" आणि आमच्या आत्या... पदर तोंडात कोंबून हसत होत्या! नंबर आला की मागचीला म्हणायच्या, "तू घे गं आधी, मला न्हाई घाई." त्या दिवशी घरी येऊन मला म्हणाल्या, "दमलीस का गं?" मी दचकलेच!

आणि मग मामंजींना दया आली! म्हणाले, पाणी वाहून वाहून बाईचं डोकं तापलंय. चेअरमन माणूस, लावलं वजन... टँकर थेट आमच्या दारात, पाइप हौदात! "सत्यभामे, आता उंबरा वलांडायची गरज न्हाई!" आत्यांनी त्या भरल्या हौदाकडे असं बघितलं, जसं कुणी बाहेरून कडी घातलीय. झालं! पुन्हा रडणं, पुन्हा कडाडणं, झोप नाही, जेवण नाही. एक दिवस बघते तर काय, घागरीमागून घागर उपसून लिंबाच्या बुडात ओततायत! का? तर हौद रिकामा झाला की पाराकडे जाता येईल! मामंजींनी नेमकं तेच पाहिलं. "दुष्काळात पाणी वतती! गेलं हिचं डोस्कं!"

सगळं दुखणं पिशवीतच, असा निकाल लागला, म्हणून सोमवारी जीप दारात उभी. आत्या भिंतीला टेकून बसलेल्या, रिकामी घागर मांडीशी धरून. धर्मराजकाका पुटपुटले, "सून आल्यापासूनच हे सुरू झालंय." हे परळीला कामावर, घरात माझ्या बाजूचं कुणी नाही... मी काय बोलणार, मी नवी, असं मनात घोकता घोकता कसं कोण जाणे, तोंडातून निघूनच गेलं, तेही मोठ्यांदा:

"मामा, जीप परत पाठवा अन् टँकर पाराशी न्या! आत्या तिथं बायकांशी बोलतात, हसतात, म्हणून बऱ्या राहतात... आन् उद्यापासून मला बी एक घागर द्या. ह्या घरात आल्यापासून मी बी कुणाशी बोलले न्हाई!"