राहुकाळातलं विमान

मोठ्या काकांशी मी एकदाच वाद जिंकले, तोही ताईसाठी. ताईला टोरोंटोला प्रवेश मिळाला होता आणि मंगळवारी तिथे हजर व्हायचं होतं. चेन्नईहून विमान सोमवारी सकाळी आठचं. कुंभकोणमच्या आमच्या घरात काकांनी पंचांग उघडलं.

"साडेसात ते नऊ राहुकाळ. जायचं नाही."

तिकीट बदललं असतं, तर ताईची जागा गेली असती. ती रडायला लागली. मला राहवेना.

"काका, तेरा हजार किलोमीटर, बावीस तास. कुठल्याही विमानाने गेली तरी वाटेत राहुकाळ लागणारच."

"वाटेतला चालतो गे. निघताना नको."

"तुम्ही काशीला गेलात, तेव्हा रेल्वे राहुकाळातच सुटली होती."

"मी घरातून वेळ पाहूनच निघालो होतो."

"म्हणजे निघणं आपल्या दारापासून मोजायचं?"

"मग कुठून?"

"तर ताई रविवारी दुपारी दोनला घरातून निघते. सोमवारचा राहुकाळ विमान कंपनीने पाहावा."

काकांनी पंचांग मिटलं. ताई गेली. आता नात्यात कुणाचंही परदेशचं तिकीट निघालं, की काकाच बजावतात, "विमानाचं राहू दे. कार दारातून कधी हलते, ते सांग."