एक आठचा, एक बाराचा

हॅलो?… हॅलो… कोन, प्रेरणा? हो, म्याच देले मिस कॉल. चार देले… शनिवारी बी मीटिंग असते का तुमची? बरं, आता निघाली ना भायेर?… मंग तिथंच उभी राह्य अन ऐक.

नाई, घरी नाई मी. यवतमाळले आली… यवतमाळले म्हनजे लोहाऱ्याले, एमआयडीसीत. ते किसनसिंगचं दुकान नाई का, बंद पडलेल्या हापिसातले मोठमोठे कम्प्युटर आणून विकते… हो, तेच… एकटीच आली, एसटीनं. बाबाले सांगतलं, माह्या मावशीच्या नातीचा साखरपुडा हाय… खोटंच सांगतलं. मंग काय करू?

अवं, हळू बोल. बाबा बरे हाय. रजत बी बरा हाय. तब्येतीचं नाई… त्याची मशीन बंद पडली… हो, तेच ते सर्व्हर, पेटीएवढं. तीन दिवस झाले. त्यातलं ते चौकोनी असते ना… हो, प्रोसेसर. ते गेलं… कसं गेलं म्हनजे? गेलं. लाइन आली-गेली असन. आपल्या बोरीची लाइन तुले माहीत नाई का?

तेच घ्याले आली. इथं दोन परकारचे हाय, अन मले त्यातलं काय समजते? तू सांग कोनतं… नाई, सोमवारी नाई. आज. आताच्या आता. हा मानूस साडेपाचले शटर ओढते अन माही दारव्ह्याची गाडी सवा सहाले हाय.

काहून म्हनजे?… उद्या फवारनी हाय, प्रेरणा.

हो, उद्या… बाबा म्हनते, अळीनं अर्धं वावर खाल्लं, अर्धं अजून वाचन. शेवटची एक फवारनी करू… मजूर कोनी येत नाई. कसे येतीन? भादव्यात काय झालं ते साऱ्या गावानं पाह्यलं… मंग कोन करीन? रजत करीन म्हनते.

म्या काय गप्प बसली का? रडली, भांडली, दोन दिवस जेवली नाई. म्हटलं, फवारनीचं औषध चढून अकरा दिवस पोरगं दवाखान्यात होतं, डोये उघडत नोते त्याचे. डॉक्टरनं सांगतलं का पुन्हा याच्या अंगाले औषध लागू देऊ नका, तवा तू बी उभी होती तिथं… तर बाबा म्हनते, यावेळी तोंडाले बांधू, हातमोजे घालू. मंग म्हनते, त्याच्या हाताले काम असतं तर म्या त्याले हाकच मारली नसती. दोन लग्नाचे व्हिडिओ अडकून पडले, मशीन मेली, रिकामा बसून हाय म्हून म्हनतो… मंग म्या म्हटलं, मशीन चालू झाली तर? तर म्हनते, उद्या सकाळपर्यंत चालू झाली तर पंप मी सोता पाठीवर घेईन. देवापुढं उभं करून वदवलं म्या त्यायले.

रजत? रजत काय बोलते… 'जाईन' म्हनते. एवढंच. त्याचीच मले जास्त भीती वाटते, पोरी. नाई म्हनाले पायजे होतं त्यानं.

थांब, मधात टूं टूं वाजून राह्यलं… बाबाचाच असन. राहू दे, वाजू दे.

तू आता हे ऐक. चष्मा लावते… एकावर लिहून हाय सव्वीस सदुसष्ट. मंग व्ही अन दोन. अन दुसऱ्यावर सव्वीस पंच्यान्नव, व्ही दोन… हो, दोन्हीवर व्ही दोन. किसनसिंग म्हनते, पहिल्यात आठ कोर हाय अन दुसऱ्यात बारा… स्पीड? भाऊ, स्पीड किती म्हनलं होतं तुमी?… आठवाल्याची तीन पॉइंट तीन. बारावाल्याची दोन पॉइंट चार… नाई, बरोबर सांगून राह्यली. आठवाला महाग हाय… मले बी तेच वाटलं. आठ महाग अन बारा स्वस्त, हे कोनतं गनित?… म्हनते, त्याले गेमवाले पोरं मागतात.

हं… हं… अवं, असं नको सांगू, मले समजन असं सांग… हं. म्हनजे वेचनीच्या बाया धर. एकीकडे बारा बाया, हाताच्या हळू. दुसरीकडे आठ, पन चपळ… बरोबर हाय? अन व्हिडिओ म्हनजे सारं वावर वेचाचं हाय. एकेकीनं एकेक ओळ धरली का झालं, तिथं बारा जनी बऱ्या… अन गेममधी? … हां. गेममधी ओळी कमी. बारा आनल्या तरी आठ-नऊ जनी धुऱ्यावर बसून राह्यतीन. ज्या चालतीन त्यायचा हात चपळ पायजे… समजलं. मले कोनी असं सांगतलंच नोतं. हा मानूस घंटाभरापासून नुसते आकडे फेकून राह्यला.

मंग तू कोनता म्हनते?… बाराचा. स्वस्तबी हाय, वीजबी कमी खाते, व्हिडिओ लवकर होतीन… ते सारं खरं. पन गेमचं काय?

नाई, गेम पायजे. गेम पायजेच, प्रेरणा… पैसे कमवाचं काम पह्यले, हे मलेबी कळते. पन दवाखान्यातून आल्यापासून तो पोरगा हसला कधी, तर ते कानाले लावून तुह्यासंग खेळते तवा. मी सयपाकघरातून ऐकते. भाकर थापता थापता हात थांबते माहा. ते बंद नाई करू देनार मी. एकाले काम पायजे अन एकाले हसू पायजे, अन दोन्ही एकाच पोराले पायजे. मी काय निवडू?

म्हून म्या दोन्ही घेतले.

दोन्ही म्हनजे एक आठचा अन एक बाराचा… हो, घेतले. बिल बी झालं. तुह्या फोनच्या आधीच… मशीनमधी दोन घरं हाय ना? एकात होता, एक रिकामंच होतं. म्या सोता पाह्यलं, तो साफ करत होता तवा. मंग एका घरात हा टाकू, दुसऱ्यात तो. आपली आजी कशी करे? अर्ध्या वावरात एक बियानं, अर्ध्यात दुसरं. एक फसलं तर दुसरं हाती लागते. यंदा बाबानं तिचं ऐकलं नाई, मोठ्या नंबरचं म्हून एकच बियानं साऱ्या वावरात टोबलं, अन पाह्य काय झालं… हॅलो? ऐकू येते ना?

चालत नाई म्हनजे?… दोन्ही सारखेच लागतात?… म्हनजे दोन आठचे, नाई तर दोन बाराचे… अन एक-एक टाकला तर? थोडं तर चालन ना?… सुरूच नाई होनार… पक्कं? एखाद्याले विचारून पाह्य ना तुह्या हापिसात…

माय वं.

नाई, रडत नाई. हे काय, उन्हातून आली म्हून डोयातून पानी येते… थांब. भाऊ, ओ किसनसिंगभाऊ, तुमी काहून नाई सांगतलं, दोन्ही सारखे लागतात म्हून?… तो म्हनते, मले काय माहीत तुमी एकाच मशीनमधी टाकता, म्या समजलो दोन पोरं हाय घरी… भाऊ, दुसरा बाराचा द्या मंग… नाई? आठचा?… एकेकच उरला म्हनते, प्रेरणा. एकच एक.

हं… एकानंच चालते? दुसरं घर रिकामं ठेवलं तरी?… पह्यलेही एकच होता, हो, खरं हाय. माहं डोकं जागेवर नाई… मंग एक वापस करते. भाऊ, यातला एक वापस घेसान का?… घेतो म्हनते. पन कोनता ते आताच सांगा म्हनते, शटर ओढाचं हाय. ओढून राह्यला बी. अर्धं खाली आनलं.

सांग ना बाई, कोनता ठेवू?… बाराचाच म्हनते तू. अन गेम?… काय?… खेळतच नाई म्हनजे?

दिवाळीपासून?

मंग रोज संध्याकाळी ते कानाले लावून बसते ते?… नुसता बोलते. तू खेळते अन तो पाह्यते… अन हसते ते तुह्या हरन्यावर… हं… हात चालत नाई म्हून. हो.

तुले माहीत हाय?… त्यानंच सांगतलं? मले वाटलं, तुले नाई माहीत. मी म्हटलं, पोरगी दूर हाय, तिले कायले सांगाचं… अन तू म्हटलं, आईले कायले सांगाचं. चांगल्या हाओ आपन दोघी.

मंग खरं सांगते. लाइननं नाई गेलं ते. धूळ साफ कराले म्हून त्यानं भायेर काढलं, अन हात थरथरला. खाली पडलं, उचलता उचलता पायाखाली आलं. कडेचे बारीक बारीक दाने निघून पडले. तो तसाच बसला. रडलाबी नाई. एका हातानं दुसरा हात धरून बसला होता, जसा काही तो दुसऱ्याचा हात हाय… बाबाले नाई सांगतलं. त्यायले वाटते, पोरगा बरा झाला.

सांगाले पायजे होतं. आता मले बी वाटते.

बरं… व्हिडिओ जमते त्याले. त्यात घाई नसते ना. मनगट टेबलावर टेकवते अन हळूहळू करते. एकेक फोटो, एकेक तुकडा… मंग बाराचाच बरा. त्या बारा बायाबी हळूच हाताच्या हाय, पोराच्या संगतीनं चालतीन. भाऊ, हा घ्या वापस, आठचा. हो, सदुसष्ट लिहिलेला. पाहून घ्या… झालं. देला.

आता बसवाचं कसं ते सांग… नाई, त्याले नाई हात लावू देनार. मी बसवते. अवं, पन्नास दिवाळ्या पाह्यल्या म्या. सरकी टोबताना एका जागी दोनच दाने पडतात माह्या हातून, तिसरा पडत नाई. बोटं थिर हाय माही… तू फोनवर सांगत जाजो. कोपऱ्यावर एक खून असते, ती खुनेशी जुळवाची. दाबाचं नाई. अलगद ठेवाचं… अन ते गरमी ओढाचं पांढरं मलम, वाटान्याएवढंच. समजलं… गाडी पावनेआठले पोचते. तवापासून फोनजवळ राह्य.

पुन्हा आला त्यायचा फोन. पाचवा असन… उचलते ना. उचलते.

कायचा आवाज?… पिशवीतला. मघापासून ऐकू येते तुले?… काही नाई, पितळ हाय… भांडे कायले आनीन मी लोहाऱ्याले?

नोझल हाय, प्रेरणा.

पंपाची. पितळी तोंड नसते का, त्यातून फवारा निघते ते… आपल्या पंपाची. सकाळी बाबा आंघोळीले गेले तवा पिळून काढली अन पिशवीत टाकली… म्हून तर फोनावर फोन. कोठ्यात शोधून राह्यले असतीन. आज संध्याकाळीच पंप धुऊन ठेवाचा म्हनत होते.

ते म्हनले ना, मशीन चालू झाली तर पंप मी घेईन. ते तरी मले कुठं पायजे? पोरगा वाचवाचा अन नवरा पाठवाचा? हे कोनतं गनित?… पन ते सकाळी त्यायच्या तोंडावर बोलता नाई आलं मले.

माहीत हाय, दुसरी भेटते. पन उद्या ऐतवार, बोरीचं कृषी केंद्र बंद. एक दिवस भेटला ना हाती… सोमवारचं सोमवारी पाहू. सोमवारी मी त्यायले रजतचा हात धरून दाखवीन.

शेजाऱ्याचा पंप? धावजीचा?… त्याची बी माह्याजवळच हाय.

चोरली नाई. त्याच्या बायकोनंच देली, लालीबाईनं. मी एसटीले निघाली तर तिनं विचारलं, कुठं चालली. सांगतलं. ती घरात गेली अन पदराखाली धरून घेऊन आली. तिच्या मागून बाजूच्या घरची नलू. मंग पलीकडची ती नवी सून, जिचा नवरा मजुरीनं फवाराले जाते, नाव बी माहीत नाई मले तिचं… लालीबाईनंच सांगतलं असन त्यायले. यायच्या, पिशवीत टाकायच्या, अन जायच्या. एसटी फाट्यावर येईपर्यंत पिशवी उचलेना मले… मोजल्या नाई. साऱ्या आळीच्या हाय, एवढं समज.

तू नको रडू. आपन दोघी रडलो तर बसवाचं कोन?… प्रोसेसर वेगळा ठेवला, पोलक्यात, रुमालात गुंडाळून. पिशवीत कसा ठेवीन?… हो. हो… रजतले आता काही सांगू नको. नुसतं म्हन, राती आईजवळ बस, दिवा धर. दिवा धरता येते त्याले.

पाह्य, पुन्हा वाजून राह्यला. ठेवते आता. ठेव ना… ठेवली.

हॅलो?… हो, मीच… ऐकून तर घ्या. कोठ्यात नका शोधू… नाई, धावजीच्या घरीबी नाई भेटनार. कोनाच्याच घरी नाई भेटनार… हो. माह्याजवळ हाय. साऱ्याईच्या माह्याजवळ हाय. पावनेआठले येते घेऊन. तवापर्यंत पोराजवळ बसा जरासे, अन त्याचा उजवा हात आपल्या हातात धरून पाह्या.