मागच्या सीटवरचं वजन

धरमतरच्या धक्क्यावर नीराबाई मासळीची पाटी घेऊन पेणच्या बाजूला नेणाऱ्या होडीची वाट बघत होती. गावच्या खोतांनी मघाशी "गाडीला वास लागेल" म्हणून तिला घेतलं नव्हतं, आणि आता ते गाडी दुरुस्त करणाऱ्या धर्माजी मिस्त्रीवर उखडले होते.

"मागं नवा बसका स्प्रिंगचा पाटा घातलास, तरी वळणावर मागची चाकं आत दुमडतातच!"

"रिकामी गाडी मागून वर उठते, खोतसाहेब. खेकड्यागत पाय पोटात घेते."

"चाकांना आवरणारे पट्टे बांधलेस ना?"

"बांधले. पण मागं वजन पायजे."

"किती?"

"एक माणूस, एक भरलेली पाटी."

खोत नीराबाईच्या पाटीकडे बघून खाकरले.

"नीराबाई, पेणला येतेस?"

"येते की. पण काचा खाली करा. तुमच्या अत्तराचा वास लागला तर माझी मासळी कोण घेल?"