बिल्लसचा स्वर्ग

नाई, तुमीच सांगा भाऊ, खेळ म्हणजे खेळ का पूजा? बिल्लसच ना गा ते! जमिनीवर घरं ओढाची, छपराच्या कवेलूचा तुकडा फेकाचा, एका पायावर उड्या माराच्या... झालं! त्याले अजून काय लागते?

पण सावली तालुक्यातल्या आमच्या शाळेत प्रफुल सर आले ना... मोबाइलात डोकं घालून म्हणते, "हरिदासभाऊ, हा खेळ जगभर आहे! कोणी म्हणतं रोमच्या शिपायांनी काढला, पक्कं कोणालाच माहीत नाही. फ्रान्समध्ये गोगलगायीसारखा गोल आखतात. आणि काही देशांत शेवटच्या घराला स्वर्ग म्हणतात, स्वर्ग!" आता मले सांगा, आमची दिव्यानी कवापासून अंगणात लंगडून राह्यली, शाळा पाहाले येणाऱ्या मोठ्या साहेबासमोर खेळून दाखवाचं म्हणून, झोपेतही पोरगी एकच पाय हालवते! तिले रोमचं काय करा लागते?

सर म्हणते, "साहेब येणार, मैदानात रेषा पांढऱ्याशुभ्र दिसल्या पाहिजेत." मीच शहाणा! म्हटलं, आमची सीता काढून देते. सीता माही बायको, तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंच्याची. तिकडं रोज सकाळी दारात रांगोळी पाह्यजेच. तिनं आंधी शेणाचा सडा टाकला, मंग घरं ओढली... पण तिचा हात सरळ रेषेवर थांबते का? कोपऱ्यात वेल, मधात कमळ, अन् शेवटच्या घरात, स्वर्गात? स्वर्गात लक्ष्मीची पावलं! मी म्हटलं, "अवो, बिल्लसच ना ते!" तं म्हणते, "अय्यो, सर स्वर्ग म्हणले ना? मंग रिकामा कसा ठेवू?"

तेवढ्यात आली आमच्या गावची म्हातारी, गुणाबाई. पावलं पाह्यली, चपला काढल्या, हळद-कुंकू वाह्यलं, फूल ठेवलं, अन् वरडली, "खबरदार पोट्ट्यायहो! लक्ष्मीवर पाय देता?" संपलं! एक पोट्टी पाय ठेवाले तयार नाई. साहेब आले, तं त्यायनंही हात जोडले. "वा, काय सुंदर रांगोळी!" सारा गाव स्वर्गाले नमस्कार करून राह्यला, अन् माही दिव्यानी कवेलूचा तुकडा घेऊन बाहेर उभी... डोळे भरलेले. लय वाईट वाटलं भाऊ. अरे, बिल्लसच ना गा ते!

बक्षीस? भेटलं ना, नाई कसं! बायकोले. रांगोळीचं.

घरी आलो, पोरगी तुकडा मुठीत धरून दारातच बसली. म्हटलं, जाऊ दे. काडी घेतली, अंगणात घरं ओढली, वाकडीतिकडी, स्वर्ग-बिर्ग काई नाई. म्हटलं, "ये बेटा, खेळ." पोरीनं डोळे पुसले, तुकडा फेकला, एक पाय उचलला... अन् आतून सीता वरडली, "थांबा वो, आंधी सडा टाकते!"